बाजारबुणग्यांची बाजू

गेल्या दिवाळीत फराळाला आलेले एक प्राध्यापक स्नेही हातात चकलीचा तुकडा घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन थांबले. टेबलावर एक ट्रक अर्धवट उभा होता. शिकागोच्या डायमंड टी कंपनीने दुसऱ्या महायुद्धात बांधलेला, रणगाडे वाहून नेणारा ट्रक. अर्थात पस्तीसपट लहान आणि प्लास्टिकचा. केबिनवर टप नव्हता, इंजिन उघडे होते, पाट्यांचा एक जुडगा दोऱ्याने बांधून वाळत ठेवला होता. प्राध्यापकांनी हा सारा प्रकार चष्म्यावरून पाहिला आणि म्हणाले, "काय हो, या वयात खेळणी?" मी तोंड उघडण्याच्या आतच त्यांना त्याहून भारी गोष्ट सुचली. "आणि तीही लढाईची?" एवढे बोलून, या प्रश्नाला उत्तर असूच शकत नाही अशा समाधानाने, ते चिवड्याकडे वळले.

मी गप्प बसलो. फराळाला आलेल्या माणसाशी भांडू नये असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. दिवाळी अंकात भांडायला मात्र कोणाची ना नाही, आणि वर्षभर मनात घोळत राहिलेले उत्तर आता देतो. ते प्राध्यापकांपुरते नाही. त्यातला तिखट भाग, खरे सांगायचे तर, माझ्याच पंगतीला बसणाऱ्या मंडळींसाठी राखून ठेवला आहे.

खेळणे या शब्दाला माझी हरकत नाही. ज्या दिवसांत प्राध्यापक मला हे बोलले त्याच दिवसांत आमच्या वाड्याच्या अंगणात मुलांनी मातीचा किल्ला केला होता. त्यावर अळीव पेरला होता, खाली आरशाच्या तुकड्याचे तळे होते. सिंहासनावरचे महाराज महादरवाज्यापेक्षा उंच होते, आणि गुहेतला वाघ बाहेर आला असता तर निम्मी गडकोट सेना त्याला एका घासालाही पुरली नसती. त्या किल्ल्यातला एक दगडही मी हलवू देणार नाही. पण तोही लढाईचाच देखावा आहे, त्यावर तोफा आहेत, ढाल-तलवारीचे मावळे आहेत. आणि त्याच प्राध्यापकांनी तो पाहून मुलांच्या पाठीवर शाबासकी दिली, त्यांना युद्धखोर म्हटले नाही. बरोबरच केले. मग माझ्या ट्रकनेच असे काय पाप केले? त्याच्यावर तर तोफही नाही.

मुलांच्या किल्ल्यात आणि माझ्या टेबलावरच्या उद्योगात फरक आहे तो मापाचा. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळाशाळांतून मुलांना विमानांच्या पाच लाख प्रतिकृती करायला सांगितल्या होत्या. आकाशातले विमान शत्रूचे की आपले हे आकृतीवरून ओळखण्याचे शिक्षण त्यांवर द्यायचे होते. प्रमाण ठरवले होते एकास बहात्तर, म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंच. त्या मुलांना कोणी 'या वयात खेळणी?' असे विचारले नाही, कारण पंखाचे माप चुकले तर त्याची किंमत कोणीतरी मोजणार होते. (माझे एकास पस्तीस हे प्रमाण मात्र कोणत्याही शास्त्रातून आलेले नाही, हेही सांगून टाकतो. जपानात शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६१ साली पँथर रणगाड्याचा मोटारवर चालणारा नमुना काढला. त्याच्या पोटात मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून जेवढा आकार झाला तेवढा झाला. नंतर हिशेब केला तर प्रमाण पस्तीसच्या आसपास निघाले, आणि आता जगभरचे काटेकोर लोक त्या बॅटरीच्या मापाने वेद प्रमाण मानावा तसे वागतात.)

तर माप. लांबी पस्तीसपट कमी केली की क्षेत्रफळ बाराशे पंचवीस पटीने कमी होते आणि घनफळ बेचाळीस हजार आठशे पंचाहत्तर पटीने. हे गणित शाळेतले आहे. ते हाताला कळायला मला वीस वर्षे लागली. शर्मन रणगाडा सुमारे तीस टनांचा. त्याचे वजन त्याच हिशेबाने उतरवले तर माझ्या टेबलावरचा शर्मन सातशे ग्रॅम भरायला हवा. मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला. पाव किलोदेखील भरला नाही. आत सगळा पोकळ! आणि हा पोकळ शर्मन ज्या ट्रेलरवर चढवायचा त्या ट्रेलरने मात्र तीस टनांखाली दबल्यासारखे दिसायला हवे. या कामातली सगळी अवघड गोष्ट ती एवढीच आहे: नसलेले वजन दाखवायचे, आणि तेही खोटे न बोलता.

ते कसे, हे जरा सविस्तर सांगतो, कारण भांडण शेवटी यावरच येणार आहे. संचातली चाके गोल असतात. वाटोळी, फुगीर, कारखान्यातून आत्ताच सुटल्यासारखी. खऱ्या टायरवर भार आला की तो जमिनीपाशी चपटा होतो आणि बाजूंनी फुगतो. डायमंड टीच्या मागे जो ट्रेलर लावत त्याला चोवीस टायर होते. नुसत्या शर्मनचे वजन त्यांवर सारखे वाटले तरी टायरमागे सव्वा टन येतो, ट्रेलरचे स्वतःचे वजन निराळेच. म्हणून प्रत्येक टायर खालून कानशीने घासायचा. किती? एक मिलिमीटर घासला तर खऱ्या गाडीत तो साडेतीन सेंटिमीटर बसला असा अर्थ होतो, आणि लहान चाकाच्या ट्रेलरला तेवढे फार होते. मग पाऊण, अर्धा, असे करत बसायचे. मग पाटे. संचातले पाटे रिकाम्या गाडीचे, धनुष्यासारखे वाकलेले. भरलेल्या गाडीचे पाटे सरळ होत जातात, धुरा वर सरकते, चाक आणि मडगार्ड यांतले अंतर कमी होते. तेव्हा साच्यातले पाटे कापून टाकायचे, पाव मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून नवे करायचे. हे सगळे केल्यावर तो पाव किलोचाही नसलेला रणगाडा ट्रेलरवर ठेवला की क्षणभर वाटते, खालचे टेबल कुरकुरले. न करता ठेवला तर रणगाडा फुग्यासारखा तरंगत राहतो; पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्याला ते खेळणे वाटते. प्राध्यापकांना वाटले ते काही अगदीच उगाच नव्हते. माझा ट्रेलर त्या दिवशी रिकामा होता.

आता कोणी म्हणेल, एवढाच अट्टहास असेल तर सरळ रणगाडाच का करत नाही? दुकानात शंभर संच असतील तर त्यात रणगाडे किती आणि त्यांना ओढणारे ट्रक किती, हे कोणत्याही दुकानदाराला विचारा. कारण उघड आहे. रणगाडा ही झाकलेली पेटी आहे. त्याच्या पत्र्याची जाडी साच्याला मानवते. शर्मनच्या बाजूचे चिलखत अडतीस मिलिमीटरचे. पस्तीसने भागले तर प्लास्टिक मिलिमीटरभर जाडीचे येते, आणि ते खरेच दिसते. पण त्याच साच्यातून ट्रकचे मडगार्ड निघाले की ते मिलिमीटरभर जाडीचे मडगार्डही चिलखताचे होऊन बसते! तो पत्रा कडेकडेने तासून कागदासारखा करावा लागतो. शिवाय ट्रकचे काहीच झाकलेले नसते. चेसिस उघडी, धुऱ्या उघड्या, ब्रेकच्या नळ्या उघड्या, केबिनमध्ये सीट, सुकाणू, पायाखालची पेडले, काचेतून सगळे दिसते. रणगाड्यात आत काही नसले तरी चालते; कोणी झाकण उघडून बघत नाही. ट्रकला लपायला जागा नाही. म्हणून तो कोणी करत नाही, आणि म्हणूनच मी करतो, असे म्हणालो तर ती बढाई होईल. मी तो करू लागलो याचे कारण दुसरे आहे.

रणगाडा हे लांब चालण्याचे जनावरच नव्हे. त्याचे पट्टे झिजतात, पट्ट्यांच्या खिळी झिजतात, इंजिन थकते, आणि शंभर मैल आपल्या पायांनी चालून तो रणांगणावर पोचलाच तर लढण्याऐवजी दुरुस्तीला बसतो. युरोपात त्याला आगगाडीवर घालून नेता येई. पण उत्तर आफ्रिकेत युद्ध सुरू झाले तेव्हा इजिप्तची आगगाडी मर्सा मत्रूहला संपत होती आणि पुढे नुसते वाळवंट पसरले होते. ब्रिटिशांकडे स्कॅमेल पायोनियर होता. मोठा प्रामाणिक ट्रक, पण गार्डनर इंजिनाच्या १०२ अश्वशक्तीवर त्याने ओढून ओढून किती ओढावे? तेव्हा त्यांनी अमेरिकेला मागणी दिली, त्यातून हा डायमंड टी आला. त्याच्या पुढच्या लांबलचक नाकात साडेचौदा लिटरहून मोठे डिझेल इंजिन, शक्ती दोनशे अश्वांच्या आसपास, पाठीवर विंच. जाताना तो धडधाकट रणगाडे घेऊन जाई. येताना मोडलेले घेऊन येई. आणि हे येणेच अधिक महत्त्वाचे, कारण वाळवंटात पडलेला रणगाडा जो उचलून नेईल त्याचा, आणि चार दिवसांनी तो दुरुस्त होऊन पुन्हा उभा राही. १९४२ च्या ऑक्टोबरातल्या अल अलामीनच्या लढाईची वर्णने मी पुष्कळ वाचली आहेत. त्यांत सेनापतींच्या टोप्यांविषयी जेवढा मजकूर आहे तेवढा या ट्रकांविषयी नाही.

अमेरिकनांनी पुढे स्वतःसाठी एम-२५ नावाचे याहून प्रचंड धूड बांधले. मागच्या चाकांना सायकलसारख्या साखळ्यांनी फिरवणारा, २४० अश्वशक्तीचा, पेट्रोल पिणारा ट्रॅक्टर. पिणारा म्हणजे किती? गॅलनला सुमारे एक मैल. ड्रायव्हरची केबिन प्रथम चिलखती केली होती. पुढे ते चिलखत काढून साधी कापडी टपाची केबिन बसवली. ओढायचे वजन आधीच एवढे की स्वतःच्या अंगावर आणखी कशाला! आणि रशियनांनी युद्धानंतर एमएझेड-५३७ केला तेव्हा इंजिनासाठी रणगाड्याच्याच घराण्याकडे जावे लागले. बारा सिलिंडरांचे, ३८ लिटरहून मोठे, ५२५ अश्वशक्तीचे, टी-३४ च्या इंजिनाचे नात्यातले. रणगाडा उचलायला रणगाड्याचेच काळीज लागले.

ही माहिती मला ट्रक करता करता मिळाली, रणगाडे करत होतो तेव्हा नाही. मीही आरंभी रणगाडेच केले. पहिला टायगर केला तेव्हा त्याच्या तोफेची लांबी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलो होतो. तो टायगर कारखान्यापासून आघाडीपर्यंत कसा गेला, त्याचे पेट्रोल कोणी नेले, तो चिखलात रुतला तेव्हा त्याला कोणी बाहेर काढले, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. युद्ध म्हणजे तोफ आणि तोफेच्या मागचा शूर माणूस, एवढेच मला त्या पेटीवरच्या चित्राने शिकवले होते. प्राध्यापकांच्या आक्षेपात जे तथ्य आहे ते इथे आहे आणि ते मी मान्य करतो. रणगाडा नुसता रंगवून कपाटात ठेवणाऱ्याला युद्धाची भुरळ पडते. मला पडली होती. ट्रकाने ती उतरवली. गॅलनला एक मैल हा आकडा ज्याने एकदा मनापासून ऐकला त्याला युद्धाचा पोवाडा पूर्वीसारखा ऐकू येत नाही.

आणि आपण मराठी माणसांनी तर हे विसरावे याचे मला फार नवल वाटते. पानिपताचे नाव काढले की आपल्या घशाशी आवंढा येतो. भाऊसाहेब, विश्वासराव, जनकोजी सगळे डोळ्यांपुढे उभे राहतात. पण १७६१ च्या १४ जानेवारीला जे झाले ते त्याआधी कित्येक आठवडे पोटात होत होते. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसदेचा उरलासुरला आधार तुटला, आणि उपाशी माणसे, उपाशी घोडी, उपाशी बैल घेऊन ती सेना बाहेर पडली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांची कीर्ती आपण सांगतो. त्या तोफा बैल ओढत होते, हे कोण सांगतो? उलट सैन्याबरोबरच्या बिनलढाऊ गर्दीला आपण एक शब्द ठेवून दिला आहे: बाजारबुणगे. आजही एखाद्याला निरुपयोगी म्हणायचे असेल तर आपण तो शब्द शिवीसारखा फेकतो. त्या गर्दीत यात्रेकरू होते, कुटुंबकबिले होते, त्यांचे ओझे सेनेला झाले, हे खरेच. पण लोहार होते, नालबंद होते, पखालजी होते, बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर फिरणारे वंजारी तेव्हाच्या सैन्यांना पोसत होते. त्यांनाही आपण त्याच एका शब्दाच्या पोत्यात भरून टाकले. आमच्या अंगणातल्या किल्ल्यावर मावळे वीस होते; गडावर दाणा चढवणारा बैल एकही नव्हता. बाजारात मिळतच नाही, मुलांचा काय दोष?

असो. इथवर प्राध्यापकांची बाजू झाली. आता माझ्या पंगतीची.

काही वर्षांपूर्वी एका शहरात प्रतिकृतींचे प्रदर्शन भरले होते. माझाही एक स्कॅमेल तिथे होता आणि त्याला काहीही मिळाले नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या मजकुरातून वाचकांना मत्सराची जेवढी वजावट करायची असेल तेवढी करता येईल. पहिला क्रमांक मिळाला तो एका ट्रकलाच. लांबून पाहिला तेव्हा मला आनंद झाला. अखेर ट्रकाचे दिवस आले! जवळ गेलो. काय तो चिखल! चाकांवर चिखल, टपावर चिखल, बॉनेटवर गंजाचे ओघळ, दारांवर रंग उडून खालचे लोखंड दिसते आहे. सगळे हाताने केलेले, आणि हात निःसंशय कसबी. मी खाली वाकलो. मागच्या दोन्ही धुऱ्या जागेवर होत्या. पण त्यांना फिरवणारा प्रॉपेलर शाफ्टच नव्हता. इंजिनाची शक्ती गिअरपेटीपर्यंत येऊन तिथेच हवेत विरत होती. परीक्षकांपैकी एक जण शेजारी उभे होते, त्यांना मी ते दाखवले. ते सौजन्याने हसले. म्हणाले, "अहो, खाली कोण बघतंय?"

खाली कोण बघतंय! माझे सारे भांडण या तीन शब्दांशी आहे.

गेल्या काही दशकांत या छंदात रंगकामाने धुमाकूळ घातला आहे. पूर्वी प्रतिकृती स्वच्छ असायची आणि तीही खोटीच दिसायची, हे मान्य. पण आता मातीच्या पुड्या मिळतात, गंजाच्या बाटल्या मिळतात, तेलाच्या डागांची द्रव्ये मिळतात. केसांवर मारायचा फवारा मधल्या थराला देऊन वरचा रंग पाण्याने खरवडायचा, की गाडी वीस वर्षे भंगारात पडल्यासारखी दिसते. युद्धातली गाडी वीस वर्षे जगत नसे. वर्ष, दोन वर्षे, फार तर चार. तेवढ्यात रणगाड्याचे उघडे पट्टे गंजतील, सायलेन्सर गंजेल. दारावरचा लष्करी रंग असा सोलून निघत नाही. लिबियाच्या वाळवंटातल्या गाडीवर मी तांबड्या गंजाचे ओघळ पाहिले आहेत, जणू ती कोकणात चार पावसाळे उभी होती! ॲल्युमिनियमच्या भागांवर तांबडा गंज पाहिला आहे, आणि त्याला पारितोषिक मिळालेलेही पाहिले आहे. यात वाईट एवढेच नाही की ते चूक आहे. वाईट हे की गंज रंगवणे सोपे आहे आणि पाटे बसवणे अवघड. चिखल फासला की घासायचा राहिलेला टायर झाकतो, नसलेला शाफ्ट झाकतो. ज्याने मापाचा कंटाळा केला त्याला वास्तवतेचे बक्षीस मिळते. साहित्यात असे होत नाही असा प्राध्यापकांचा दावा असेल तर तो मी ऐकायला तयार आहे. तिथेही चिखल फासून वास्तव ठरलेली पुस्तके मी वाचली आहेत, पण तो विषय निराळा.

आणखी एक गोष्ट बोलायची राहते, ती बोलायला जिवावर येते. या छंदातल्या लोकांचे हिटलरच्या सैन्याविषयीचे कौतुक मला असह्य होते. कोणत्या तुकडीची कोणती खूण, कोणत्या सेनाधिकाऱ्याच्या रणगाड्यावर विजयाची किती वलये, हे पाठ असते. तो रणगाडा कशासाठी धावत होता, त्याच्या मागून कोणती माणसे त्या गावात शिरत होती, हे विचारले की उत्तर येते, "आम्ही फक्त यंत्र पाहतो." यंत्र तरी पाहावे! तेच यंत्र रेल्वेच्या वॅगनवर चढवण्यासाठी त्याचे रुंद पट्टे काढून अरुंद पट्टे चढवावे लागत, ही टायगरची गोष्ट ते आवडीने सांगत नाहीत. त्यात शौर्य नाही. चार माणसे घामाघूम होऊन पट्टे बदलत आहेत एवढेच आहे. मला त्या चार माणसांची प्रतिकृती पाहायला आवडेल.

लढाईचीच खेळणी, असे ज्यांना वाटते त्यांनी या ट्रकांचा पुढचा प्रवासही पाहावा. युद्ध संपल्यावर रणगाडे वितळवले गेले, कुठे चौकात चौथऱ्यावर उभे केले गेले. त्यांचे ट्रक मात्र कामाला लागले. ब्रिटनमध्ये पिकफर्ड्स कंपनीने डायमंड टी घेतले. न्यूपोर्टच्या विन कंपनीने अमेरिकेचे ते साखळीवाले धूड घेतले, केबिन बदलली, इंजिन बदलले, आणि त्यावरून विजेचे प्रचंड ट्रान्सफॉर्मर वाहिले. ज्या पाठीवरून शर्मन गेला त्याच पाठीवरून गावाचा उजेड गेला. रणगाड्याला असा दुसरा जन्म सहसा मिळत नाही.

आपल्याकडचेच घ्या. जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून शक्तिमान ट्रक होऊ लागला. तो काही रणगाडा ओढणारा नव्हता, पण हिमालयातल्या चौक्यांना पीठ, रॉकेल आणि पत्रे त्यानेच पोचवले. शक्तिमानचा संच मला आजवर कोणत्याही दुकानात मिळालेला नाही, म्हणून तो प्लास्टिकच्या पत्र्यातून स्वतः करावा असे मनात आले. मापे हवी होती. हमरस्त्याच्या कडेला एका भंगारवाल्याकडे डिस्पोजलमधला एक सापडला. नंतरच्या मालकाने त्याच्यावर लाकडे वाहिली होती, साइडफळ्या तुटल्या होत्या, बॉनेटवर कोणीतरी लिंबू-मिरची बांधलेली तशीच होती. मी शिंप्याची टेप घेऊन त्याच्याखाली शिरलो. भंगारवाला बराच वेळ वाट पाहून म्हणाला, "सायेब, घेनार हाय का?" मी म्हटले, नाही, मापे घेतो. "कशापायी?" मी सांगितले, छोटा करायचाय, एवढासा. तो हसला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "मग मागला पाटा मोजू नका त्यो. त्यो बदललेला हाय, दुसऱ्या गाडीचा हाय." आणि स्वतः आडवा होऊन मूळचा पाटा कोणता ते त्याने बोट लावून दाखवले. परीक्षक आणि भंगारवाला यांत मला कोणाचे मत अधिक मोलाचे वाटते हे सांगायला नको.

दर वर्षी २६ जानेवारीला आपण सगळे दूरचित्रवाणीपुढे बसतो. क्षेपणास्त्रे येतात. पल्ला किती, वेग किती, हे निवेदक भारावून सांगतो. त्यातली पुष्कळशी कित्येक वर्षे ज्या गाड्यांवर बसून आली त्या टाट्रा. चेकोस्लोव्हाकियातल्या हान्स लेडविंकाने १९२३ साली केलेली रचना तिच्यात अजून आहे: दोन बाजूंच्या दोन लांब तुळयांऐवजी मधोमध एकच जाड नळी, आणि तिच्यापासून दोन्हीकडे पंखांसारख्या हलणाऱ्या अर्ध्या धुऱ्या. ही गाडी रिकामी असली की चाके खालून आत वळलेली, काहीशी फेंगडी दिसतात. भार चढला की ती सरळ उभी राहतात. म्हणजे गाडी रिकामी की भरलेली हे तिची चाकेच सांगतात, काटाही नको. एकदा मी घरच्या मंडळींना हे दाखवायला गेलो. "अहो, वर बघा ना, क्षेपणास्त्र गेलं!" असे उत्तर मिळाले. गेलेच होते.

टाट्रा करणाऱ्याने म्हणून चाकांचा तो कोन आधी ठरवला पाहिजे. नळी जोडण्याच्या आधी, रंग तर फारच पुढे. वर काही ठेवणार असाल तर चाके सरळ, नसाल तर फेंगडी. मी पाहिलेल्या टाट्रांपैकी बहुतेक भरलेल्या होत्या आणि फेंगड्या उभ्या होत्या. चिखल मात्र भरपूर.

माझा डायमंड टी वर्षभरात पुढे सरकला. टप बसला, काचा बसल्या, विंचेवर गिटारीच्या बारीक तारेचा दोर गुंडाळून झाला. रंग साधा दिला आहे, वाळूचा, आणि वर थोडी धूळ. जिथे ड्रायव्हरचा बूट पायरीवर पडे तेवढ्याच जागी रंग घासला आहे. शर्मन तयार आहे. ट्रेलरच्या चोवीस टायरांपैकी अकरा घासून झाले, तेरा राहिले, आणि तेरा टायर म्हणजे माझ्या हाताने पंधरा दिवस. प्राध्यापकांना या दिवाळीलाही फराळाचे बोलावणे गेले आहे. चकलीचा हात पुसून ते टेबलाशी बसले तर बरे होईल. कानशी दोन आहेत.